प्रयत्नांची शिकस्त

'शिकस्त' हा शब्द तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. उर्दूत शिकस्त म्हणजे हार, पराभव. मूळ फार्सीत या शब्दाचा संबंध मोडण्याशी, तुटण्याशी आहे. हाच शब्द मराठीतही आला. पण इथे आल्यावर त्याने नवा अर्थ घेतला. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे आपल्याकडून होईल तेवढे सर्व काही करणे, प्रयत्नांत कसलीही कसर न ठेवणे. एकच शब्द, पण एका भाषेत तो हरल्यावर येतो आणि दुसऱ्या भाषेत झटताना येतो.

या पाठात आपण अशा एका माणसाची ओळख करून घेणार आहोत की, ज्याला हा शब्द दोन्ही भाषांमधून लागू पडतो. त्यांचे नाव कीथ अलेक्झांडर. ते इंग्लंडचे फुटबॉलपटू होते. पुढे ते लहान लहान क्लबांचे व्यवस्थापक झाले. मोठा चषक त्यांनी कधी उंचावला नाही. तरीही लिंकन या गावातील फुटबॉलचे चाहते त्यांचे नाव आदराने घेतात. असे का, ते आता पाहू.

शिडीच्या खालच्या पायऱ्या

ही गोष्ट समजण्यासाठी इंग्लंडमधील फुटबॉलची रचना आधी समजून घ्या. तिथे ९२ क्लब सर्वांत वरच्या चार विभागांत खेळतात. पहिल्या विभागाला प्रीमियर लीग म्हणतात. त्यात २० क्लब असतात. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल ही नावे तुम्ही ऐकली असतील. त्याखाली फुटबॉल लीगचे तीन विभाग असतात आणि प्रत्येकात २४ क्लब असतात. या चार विभागांच्याही खाली शेकडो छोटे क्लब खेळत असतात. त्यांना 'लीगबाहेरचे क्लब' म्हणतात. लीगबाहेरचे अनेक खेळाडू आठवडाभर नोकरी किंवा मजुरी करतात, संध्याकाळी सराव करतात आणि शनिवारी सामना खेळतात.

ही रचना एखाद्या शिडीसारखी आहे. हंगामाच्या शेवटी जे संघ वर राहतात, त्यांना वरच्या विभागात बढती मिळते. जे तळाला राहतात, ते खालच्या विभागात घसरतात. घसरणे म्हणजे केवळ मान खाली जाणे नव्हे. प्रेक्षक कमी होतात, पैसा कमी होतो, खेळाडू सोडून जातात. एखाद्या लहान गावाच्या क्लबासाठी तो जगण्यामरण्याचा प्रश्न असतो.

उशिरा उघडलेले दार

कीथ अलेक्झांडर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९५६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात आणखी एका मुलाचा जन्म झाला होता. त्याचे नाव व्हिव्ह अँडरसन. दोघेही कृष्णवर्णीय होते. दोघांनाही फुटबॉलचे वेड होते. अँडरसन यांना तरुणपणीच नॉटिंगहॅम फॉरेस्ट या मोठ्या क्लबात संधी मिळाली. नोव्हेंबर १९७८ मध्ये ते इंग्लंडच्या मुख्य राष्ट्रीय संघातून पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. अलेक्झांडर मात्र त्या वेळी लीगबाहेरच्या मैदानांवरच खेळत होते.

तो काळ कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी सोपा नव्हता. १९७० आणि १९८० च्या दशकांत इंग्लंडच्या मैदानांवर प्रेक्षकांपैकी काही जण त्यांच्या रंगावरून त्यांची टिंगल करीत. माकडांसारखे आवाज काढीत, मैदानात केळी फेकीत. अशा वातावरणात खेळायचे तर पायांत जेवढे बळ हवे, तेवढेच मनातही हवे.

अलेक्झांडर उंचपुरे होते. ते आघाडीला खेळत. केटरिंग, बार्नेट अशा लीगबाहेरच्या क्लबांकडून ते वर्षामागून वर्षे खेळत राहिले. अखेर १९८८ मध्ये ग्रिम्झबी टाउन या लीगमधील क्लबाने त्यांना बोलावले. तेव्हा त्यांचे वय ३१ होते. मित्रांनो, फुटबॉलमध्ये ३१ वर्षे म्हणजे बरेच खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात ते वय. अलेक्झांडर यांची लीगमधील कारकीर्द त्या वयात सुरू झाली! १९९० मध्ये ग्रिम्झबीला बढती मिळाली, तेव्हा ते त्या संघात होते. पुढे ते स्टॉकपोर्ट काउंटी आणि लिंकन सिटी या क्लबांकडून खेळले. सेंट लुसिया या कॅरिबियन बेटाच्या राष्ट्रीय संघातही त्यांना स्थान मिळाले.

एका वर्षाची नोकरी

१९९३ मध्ये लिंकन सिटी क्लबाने अलेक्झांडर यांना आपल्या संघाचे व्यवस्थापक नेमले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधील पहिले पूर्णवेळ कृष्णवर्णीय व्यवस्थापक असा त्यांचा उल्लेख केला जातो. 'पूर्णवेळ' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्यांच्या आधी, १९६० मध्ये, टोनी कॉलिन्स यांनी रॉचडेल क्लबाची धुरा सांभाळली होती. पण आरंभी ते खेळाडूही होते आणि व्यवस्थापकही. १९९३ मध्येच व्हिव्ह अँडरसन बार्न्सली क्लबाकडे गेले, तेही खेळाडू-व्यवस्थापक म्हणून. अलेक्झांडर यांच्या हाती केवळ व्यवस्थापनाचे काम होते.

फुटबॉल संघाचा व्यवस्थापक काय काय करतो? तो खेळाडू निवडतो. कोणाला आणायचे, कोणाला सोडायचे हे ठरवतो. रोजची तालीम घेतो. सामन्याचा डाव आखतो. मध्यंतरात खेळाडूंना समजावतो, कधी रागावतो. एवढे करून संघ हरला, तर सर्वांत आधी बोट त्याच्याकडेच दाखवले जाते.

अलेक्झांडर यांच्याही बाबतीत तेच झाले. हंगामाच्या शेवटी लिंकनचा संघ तक्त्याच्या खालच्या भागात राहिला. एका वर्षातच, १९९४ मध्ये, त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

आता विचार करा. आयुष्यभर वाट पाहून मिळालेले काम एका वर्षात गेले. अनेकांनी अशा वेळी फुटबॉलचा नाद सोडला असता. अलेक्झांडर पुन्हा शिडीच्या खालच्या पायरीवर गेले. इल्केस्टन टाउन आणि नंतर नॉर्थविच व्हिक्टोरिया या लीगबाहेरच्या क्लबांचे त्यांनी व्यवस्थापन केले. तिथे ना मोठा पगार होता, ना वर्तमानपत्रांत नाव. पण या वर्षांत त्यांनी एक मोलाची गोष्ट कमावली. लीगबाहेर कोणते गुणी खेळाडू संधीची वाट पाहत आहेत, याची त्यांना बारीक माहिती झाली. ही माहिती पुढे त्यांच्या कामी आली.

रिकामी तिजोरी आणि एक पोस्टमन

२००२ हे वर्ष इंग्लंडच्या लहान क्लबांसाठी मोठ्या संकटाचे ठरले. आयटीव्ही डिजिटल या दूरचित्रवाणी कंपनीने फुटबॉल लीगचे सामने दाखवण्यासाठी ३१.५ कोटी पौंडांचा करार केला होता. त्या पैशांच्या भरवशावर अनेक क्लबांनी खर्च वाढवला. पण कंपनीच बुडाली आणि ठरलेला पैसा पूर्ण मिळाला नाही. लिंकन सिटी क्लब कर्जात अडकला. त्याचा कारभार कायद्यानुसार नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. क्लब वाचवण्यासाठी चाहत्यांनी वर्गणी गोळा केली.

अशा वेळी, मे २००२ मध्ये, लिंकनने पुन्हा अलेक्झांडर यांनाच व्यवस्थापक केले. आठ वर्षांपूर्वी ज्या क्लबाने त्यांना दूर केले होते, त्याच क्लबाच्या मदतीला ते आले. नवे खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते. त्या हंगामापासून सर्वांत खालच्या विभागातून एकाऐवजी दोन संघ लीगबाहेर जाणार होते. त्यांत एक लिंकन असेल, असे भाकीत अनेक जाणकारांनी केले होते.

अलेक्झांडर यांनी काय केले? जिथे दुसरे पाहत नव्हते, तिथे त्यांनी पाहिले. लीगबाहेरच्या क्लबांतून त्यांनी खेळाडू आणले. त्यांतला एक होता सायमन यो. तो पूर्वी सैन्यात होता आणि नंतर पोस्टमनचे काम करीत असे. हाइड युनायटेड या लहान क्लबाकडून तो खेळत होता. बेन फुचर नावाचा एक अतिशय उंच बचावपटूही संघात आला. अशा खेळाडूंना घेऊन नाजूक, नक्षीदार खेळ करता येणार नाही, हे अलेक्झांडर जाणून होते. म्हणून त्यांनी सरळ, उंच आणि लांब पासांचा खेळ बसवला. कोपऱ्यातून मारलेल्या किकवर उंच खेळाडूंनी डोक्याने गोल करायचे, बचाव भक्कम ठेवायचा, शेवटच्या शिट्टीपर्यंत धावायचे. काही लोकांनी या खेळाला नावे ठेवली. पण हाताशी जे आहे, त्यातूनच घर उभारायचे होते.

हंगामातील ४६ सामन्यांपैकी शेवटचा सामना टॉर्की क्लबाशी होता. लिंकनला निदान बरोबरी हवी होती. संघ एका गोलने मागे होता आणि वेळ संपत आली होती. तेव्हा पूर्वीच्या पोस्टमनने, म्हणजे सायमन योने, बरोबरीचा गोल केला! लीगबाहेर जाईल असे ज्या संघाबद्दल म्हटले गेले, तो सहाव्या क्रमांकावर आला आणि बढतीच्या बाद सामन्यांपर्यंत पोहोचला.

चार हंगाम, चार हुलकावण्या

बढतीचे बाद सामने म्हणजे काय, ते समजून घ्या. त्या काळी त्या विभागातील पहिल्या तीन संघांना थेट बढती मिळे. चौथ्या ते सातव्या क्रमांकांच्या चार संघांत उपान्त्य आणि अंतिम सामने होत. त्यांतून एकच संघ वर जाई. वर्षभराची मेहनत या दोन-तीन सामन्यांवर ठरे.

मे २००३ मध्ये लिंकनने उपान्त्य फेरीत स्कंथॉर्पला हरवले. अंतिम सामना कार्डिफच्या भव्य मिलेनियम स्टेडियमवर होता. तिथे बोर्नमथने लिंकनला ५-२ असे हरवले.

नोव्हेंबर २००३ मध्ये याहून मोठा आघात झाला. अलेक्झांडर एकाएकी कोसळले. मेंदूतील रक्तवाहिनीला फुगवटा येऊन ती फुटली होती. शस्त्रक्रिया झाली. प्राण वाचतील की नाही, अशी स्थिती होती. या काळात त्यांचे सहायक गॅरी सिम्प्सन यांनी संघ सांभाळला. आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला अलेक्झांडर पुन्हा मैदानाच्या कडेला उभे राहिलेले दिसले! त्या हंगामातही संघ बाद सामन्यांपर्यंत गेला. उपान्त्य फेरीत हडर्सफील्डने दोन सामने मिळून ४-३ अशा फरकाने त्यांना रोखले.

२००५ मध्ये लिंकन पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला. साउथएंडविरुद्ध ठरलेल्या ९० मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळेत साउथएंडने दोन गोल केले आणि लिंकन हरला. २००६ मध्ये उपान्त्य फेरीत लिंकनला हरवले ते ग्रिम्झबीने. होय, तोच ग्रिम्झबी क्लब, ज्याने ३१ व्या वर्षी अलेक्झांडर यांच्यासाठी लीगचे दार उघडले होते.

चार हंगामांत चार वेळा बढती हातातोंडाशी आली आणि चारही वेळा निसटली. आता हिशेब दोन प्रकारे मांडता येईल. एक हिशेब असा : चार वेळा प्रयत्न, चार वेळा हार, बढती शून्य. दुसरा हिशेब असा : ज्या क्लबाची तिजोरी रिकामी होती आणि जो लीगबाहेर फेकला जाईल असे वाटत होते, तो चार वर्षे सतत पहिल्या सात संघांत राहिला. कोणा पोस्टमनला, कोणा अनोळखी तरुणाला मोठ्या मैदानावर खेळता आले. दोन्ही हिशेबांतील आकडे खरेच आहेत. पण लिंकनच्या चाहत्यांना कोणता हिशेब लक्षात राहिला असेल, ते तुम्हीच सांगा.

शेवटचा सामना

२००६ मध्ये अलेक्झांडर यांनी लिंकन सोडले. पीटरबरो क्लबात ते व्यवस्थापक झाले, पण जानेवारी २००७ मध्ये ते काम संपले. नंतर काही काळ ते बरी क्लबात होते. फेब्रुवारी २००८ मध्ये मॅक्लसफील्ड टाउन या अगदी लहान क्लबाने त्यांना बोलावले. तो संघ लीगबाहेर घसरण्याच्या बेतात होता. अलेक्झांडर यांनी त्याला त्या हंगामात वाचवले. गॅरी सिम्प्सन इथेही त्यांच्या सोबत होते.

मार्च २०१० मध्ये मॅक्लसफील्डचा सामना नॉट्स काउंटी क्लबाशी होता. हा क्लब नॉटिंगहॅमचा, म्हणजे अलेक्झांडर यांच्या जन्मगावचा. सामना आटोपून ते घरी परतले आणि ३ मार्च २०१० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. त्यांच्यामागे मॅक्लसफील्डची जबाबदारी सिम्प्सन यांनी घेतली.

२०११ मध्ये लिंकन सिटी खरोखरच लीगबाहेर गेला. परत यायला त्याला २०१७ साल उजाडावे लागले. म्हणजे घसरण्याची ती भीती खोटी नव्हती. २००२ मध्ये ती टळली, कारण एका माणसाने आणि त्याच्या खेळाडूंनी प्रयत्नांची शिकस्त केली होती.

मित्रांनो, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी, सामन्याच्या शेवटी, नोकरीच्या मुलाखतीनंतर प्रत्येकाच्या वाट्याला कधीतरी उर्दूतली शिकस्त येते. ती आपल्या हातात नसते. मराठीतली शिकस्त मात्र पूर्णपणे आपल्या हातात असते.

शब्दार्थ

कसर - उणीव, कमी
बढती - वरच्या जागी जाणे, तरक्की
टिंगल - चेष्टा, थट्टा
धुरा सांभाळणे - जबाबदारी घेणे
भाकीत - पुढे काय होईल याचा अंदाज
उपान्त्य - शेवटच्या आधीचा
हुलकावणी देणे - हाती येता येता निसटणे
हातातोंडाशी येणे - अगदी मिळण्याच्या बेतात असणे
आघात - मोठा धक्का, सदमा

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कीथ अलेक्झांडर यांचा जन्म कोठे झाला?
(आ) ते फुटबॉल लीगमध्ये खेळू लागले तेव्हा त्यांचे वय काय होते?
(इ) सायमन यो पूर्वी कोणकोणती कामे करीत असे?
(ई) २००५ च्या अंतिम सामन्यात लिंकनला कोणत्या संघाने हरवले?

प्रश्न २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) लहान क्लबांवर २००२ मध्ये संकट का आले?
(आ) लीगबाहेरच्या क्लबांतील अनुभव अलेक्झांडर यांच्या कसा उपयोगी पडला?
(इ) लिंकनचा संघ उंच आणि लांब पासांचा खेळ का खेळत असे?

प्रश्न ३. तुमचे मत लिहा.
पाठात चार हंगामांचे दोन हिशेब दिले आहेत. तुम्हांला कोणता हिशेब पटतो? का?

प्रश्न ४. भाषाभ्यास.
काही शब्द उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांच्या अर्थांत फरक पडला आहे. पुढील शब्द पाहा.
तालीम - उर्दूत शिक्षण. मराठीत सराव किंवा कुस्तीचा आखाडा.
जिद्द - उर्दूत हट्ट. मराठीत न डगमगणारा निश्चय.
हैराण - उर्दूत चकित, मराठीत त्रासलेला.
या तीन शब्दांचा मराठी अर्थाने वाक्यांत उपयोग करा. असे आणखी दोन शब्द शोधून वर्गात सांगा.

प्रश्न ५. उपक्रम.
तुमच्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या खेळाच्या प्रशिक्षकाला भेटा. खेळाडू निवडताना ते काय पाहतात, हे विचारा आणि मराठीत दहा ओळी लिहा.